मोफत मोबाईल वापर वर्ग

पाचोऱ्याच्या लोकहित वाचनालयात वर्तमानपत्रं सकाळी साडेसातला येत, पण वाचकांच्या टेबलावर आठ वाजता जात. मधला अर्धा तास ती ग्रंथपाल कोकिळाताई पाटील यांच्या ताब्यात असत. त्या लाल पेन घेऊन बसत आणि मथळ्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करत. छापून आलेल्या अंकात आता दुरुस्ती करून कोणाचं भलं होणार, असं एका सभासदानं विचारलं होतं. त्यावर कोकिळाताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा तीन आठवडे दुसऱ्या खोलीत बसून वाचत होता.

अशा बाईंना मोबाईलवरच्या निरोपांचा राग यावा, यात नवल नाही. वाचनालयात माणसं येत, पुस्तक घेत, पंख्याखालची खुर्ची पकडत आणि खिशातून मोबाईल काढून बसत. मग एकेकाचं सुरू होई. कोणी सांगे की उशाशी कांदा ठेवला तर गुडघे दुखत नाहीत. कोणी सांगे की उद्या बारा वाजता सूर्यातून किरणं येणार आहेत, मोबाईल डब्यात ठेवा. आणि ज्यांनी हे थांबवायचं ते वाचनालयाचे अध्यक्ष हिलालनाना, बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यांनीच एक दिवस फाटकाला लाल पाण्याची बाटली टांगली.

"नाना, हे काय?" कोकिळाताईंनी विचारलं.

"कुत्री येत नाहीत. मोबाईलवर आलंय."

बाटलीखाली एक कुत्रं शांत झोपलेलं होतं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आधीपासूनचं आहे."

त्या दिवशी कोकिळाताईंनी ठरवलं की आता वर्ग घ्यायचा. आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी काय पाहायचं, कोणी लिहिला, कधी लिहिला, कशावरून लिहिला, हे माणसांना समोर बसवून शिकवायचं. रविवार, सकाळी अकरा, वाचनालयाचं अंगण, सतरंज्या आहेतच. काम एवढंच होतं.

पण आपल्याकडे एवढंच काम कोणाला एवढंच करू देत नाहीत. हिलालनाना म्हणाले, उद्घाटन हवं, दीपप्रज्वलन हवं, प्रास्ताविक मी करीन. वाचनालयाचा शिपाई अभिमन म्हणाला, चहा ठेवा, नाहीतर कोणी येणार नाही. कोकिळाताईंचे यजमान प्रेमराजभाऊ एसटीतून निवृत्त झालेले. त्यांचा जन्म वेळापत्रकात गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट एका ओळीत बसवायची सवय होती. ते म्हणाले, "'माहिती साक्षरता अभियान' असलं नाव ठेवू नको. लोकांना वाटेल अंगठेबहाद्दरांची शाळा. जो येईल त्याची गावात लाज जाईल."

"मग काय ठेवू?"

उत्तर शेजारच्या लताबाईंनी दिलं. लताबाई भजनी मंडळाच्या प्रमुख. मंडळाचा मोबाईलवरचा ग्रुप त्याच चालवत आणि त्यात भजन सोडून सगळं येई. त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "ताई, नावात मोबाईल घाला. आणि मोफत घाला. मग बघा."

कोकिळाताईंना हे थोडं बाजारू वाटलं. पण शब्द शुद्ध होते, अर्थ खरा होता. मंगळवारी सकाळी त्यांनी फळ्यावर खडूनं, वळणदार अक्षरांत लिहिलं : 'मोफत मोबाईल वापर वर्ग. रविवारी सकाळी अकरा वाजता. सर्वांनी यावे.' चार पावलं मागं जाऊन पाहिलं. एकही चूक नव्हती. संध्याकाळी कुकरची दुसरी शिट्टी होता होता तोच मजकूर त्यांनी मोबाईलवर लिहून लताबाईंना पाठवला, खाली 'तुमच्या ग्रुपवर टाका' म्हणून लिहिलं, आणि तिसऱ्या शिट्टीला त्या गॅसपाशी होत्या.

बुधवारी दुपारी वाचनालयाचा फोन वाजला.

"मोबाईल कव्हय भेटी?" पलीकडून एका माणसानं विचारलं.

"मोबाईल नाही, वर्ग आहे. वापराचा वर्ग."

"हां हां. कोणता वर्ग? आम्ही ओबीसी."

कोकिळाताईंनी फोन ठेवला. तो ठेवेपर्यंत पुन्हा वाजला. या वेळी एक बाई होत्या. त्यांना काळा रंग नको होता.

संध्याकाळपर्यंत असे एकवीस फोन आले. काय झालं असावं हे कोकिळाताईंच्या लगेच ध्यानात आलं. कोणा अर्धशिक्षित माणसानं फळ्यावरचं 'वापर' हे 'वाटप' असं वाचलं होतं आणि तसंच पुढे कळवलं होतं. 'वर्ग' म्हणजे शिकवणी, हेही लोक विसरले होते. त्यांना वर्ग म्हटलं की जातीचा दाखला आठवत होता. घरी आल्यावर त्यांनी प्रेमराजभाऊंना मराठी भाषेच्या ऱ्हासावर पाऊण तास ऐकवलं. प्रेमराजभाऊ वरण-भात जेवत होते. मधून मधून "खरं आहे" म्हणत होते. एसटीत प्रवाशांच्या तक्रारी त्यांनी याच पद्धतीनं हाताळल्या होत्या.

गुरुवारी कोकिळाताईंनी खुलासा लिहिला. खुलासा हा त्यांचा प्रांत. 'या वाचनालयातर्फे कोणतेही मोबाईल वाटप होणार नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.' खाली वाचनालयाचा शिक्का मारला, फाटकावर चिकटवला, आणि अभिमनला सांगून त्याचा फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर टाकायला लावला.

शुक्रवारी सकाळी कुलूप उघडायच्या आधी फाटकाशी रांग होती.

"कशासाठी आलात?" कोकिळाताईंनी विचारलं.

रांगेतला पहिला माणूस हातातली आधारकार्डाची झेरॉक्स पुढे करत म्हणाला, "नोंद घ्यायला."

"कसली नोंद?"

"तुम्हीच लिहिलंय ना ताई, 'सर्वांनी नोंद घ्यावी.' घ्या ना मग. सकाळपासून उभे आहोत."

ज्याच्या हातून फोटो गेला त्यानं वरची अर्धी ओळ कापली होती, म्हणे ती स्क्रीनवर मावत नव्हती. कोकिळाताई प्रत्येकाला समजावत राहिल्या. आणि त्यांची पाठ वळली की अभिमन मागच्या खिडकीतून एका जुन्या वहीत नावं लिहून घेत होता. विचारलं तर म्हणाला, "लोकांचं समाधान होतं ताई. नाव लिहिलं की ते शांतपणे घरी जातात. आणि अक्षर मी चांगलं काढून राहिलो." वही पाहिली तर नावं एकशे चाळीस. कोकिळाताईंनी ती कपाटात बंद केली. पण दोन नावांतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडलं नाही, हेही सांगायला हवं.

दुपारी एका सरकारी कचेरीतून फोन आला. बोलणारा लिपिक सौजन्यशील होता. "मॅडम, वाटप कोणत्या योजनेतून आहे? साहेबांनी लाभार्थ्यांची यादी मागितली आहे."

"वाटप नाहीच."

"बरं. मग तसा निरंक अहवाल द्या. नमुना पाठवतो."

नमुना अकरा रकान्यांचा होता. वाटप करावयाच्या संचांची संख्या : निरंक. संचाचा प्रकार : निरंक. लाभार्थी पुरुष, लाभार्थी स्त्री, दिव्यांग, एकूण : निरंक. कोकिळाताईंनी दहा वेळा 'निरंक' लिहिलं, तारखेचा रकाना मोकळा सोडला आणि फॉर्म घेऊन स्वतः कचेरीत गेल्या. तिथं लिपिकानं तो उलटसुलट पाहून विचारलं, "न झालेल्या वाटपाची तारीख टाकली नाही?"

"न झालेल्याला तारीख कशी असेल?"

"रकाना रिकामा चालत नाही मॅडम."

कोकिळाताईंनी रविवारची तारीख टाकली. काय करणार! शेजारच्या खुर्चीवर उताऱ्यासाठी बसलेल्या एका गृहस्थानं हे पाहिलं. घरी पोचण्याआधी कोकिळाताईंच्याच मोबाईलवर बातमी आली : 'पक्की खबर. यादी कचेरीत जमा. वाटप रविवारीच.' पाठवणारे हिलालनाना होते. खाली त्यांनी स्वतःची भर घातली होती, 'खात्रीलायक.'

कोकिळाताईंनी त्यांना फोन लावला. "नाना! वाटप नाही हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत होतं ना," नाना जरा ओशाळून म्हणाले. "पण चार ठिकाणांहून आलं. मला वाटलं तुम्हाला वरून मंजुरी आली असेल आणि तुम्ही मला सांगायचं विसरलात. अध्यक्षाला कोण सांगतं आजकाल!"

त्या रात्री कोकिळाताई नीट जेवल्या नाहीत. सव्वीस वर्षं त्यांनी या गावात नोकरी केली. पुस्तक उशिरा आणणाऱ्या माणसानंही त्यांच्याशी खोटं बोलायला धजावू नये, असा दरारा. आणि आता त्या 'वाटप नाही' म्हणत होत्या तर कोणी ऐकत नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "सांगू नका कोणाला, पण दोन माझ्यासाठी ठेवा." बँकेतला माणूस नुसताच हसला आणि डोळा मिचकावला. चुलत दिरानं भडगावहून फोन करून सांगितलं की घरच्या माणसांना विसरलात, ठीक आहे, लक्षात ठेवू. कोकिळाताईंना दुःख याचं होतं की त्या खरं बोलत होत्या आणि लोकांना वाटत होतं त्या माल दाबून बसल्या आहेत.

"वर्ग रद्द कर," प्रेमराजभाऊ म्हणाले.

"रद्द केला तर म्हणतील वाटून टाकले आपसात."

प्रेमराजभाऊंनी विचार केला. "हे खरं आहे," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

रविवारी अंगण साडेनऊलाच भरलं. सतरंज्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीवर बसली, फाटकाबाहेर दोन रिक्षा उभ्या राहिल्या आणि एक कुल्फीवाला आला. ऊन चढत होतं. बायका पदर डोक्यावर घेऊन आल्या होत्या, पुरुष आधारकार्ड खिशात घालून. पुढच्या सतरंजीवर, अगदी मध्यभागी, एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, धुळीनं भरलेले पाय, हातात कापडी पिशवी. कोकिळाताईंनी त्याला पाणी दिलं आणि कुठून आलात विचारलं.

"झुलाल नाव मनं," तो म्हणाला. गाव नऊ-दहा किलोमीटरवर होतं. "सक्काळले निंघनू, पायी उनू. मनी नात सुरतले शे. त्यामा तिनं तोंड दखास म्हने."

सुरतला राहणाऱ्या नातीचा चेहरा मोबाईलमध्ये दिसतो म्हणून हा माणूस पायी आला होता. पिशवी त्यानं मोबाईल ठेवायला आणली होती. कोकिळाताईंनी तयार केलेलं भाषण, निरोपांचे चार प्रकार आणि पडताळणीच्या सात पायऱ्या, त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवलं. त्या ओट्यावर चढल्या. हिलालनाना प्रास्ताविकाला उठत होते, त्यांना हातानं खाली बसवलं.

"मोबाईल नाहीत," त्या म्हणाल्या. "एकही नाही. कधीच नव्हते. मी वापराचा वर्ग ठेवला होता."

अंगणात गलका उठला. "मंग आमले बलायं कसाले?" एक बाई ओरडली. मागून कोणीतरी म्हणालं, "आत खोक्यांत भरून ठेवलेत, मी पाहिलेत!" खोक्यांत जुनी मासिकं होती. "आमच्या मोबाईलमध्ये स्पष्ट लिहिलंय ना भो!" दुसऱ्यानं स्क्रीन उंच धरली. आणि तिकडं पाहता पाहता कोकिळाताईंच्या अंगातली ग्रंथपाल जागी झाली. कोणतंही पुस्तक गहाळ झालं की त्या रजिस्टर उघडत. शेवटी कोणाच्या हातात होतं, त्याच्या आधी कोणाच्या, त्याच्या आधी कोणाच्या.

"थांबा!" त्यांचा आवाज असा लागला की कुल्फीवाल्याची घंटीही थांबली. "ज्यांच्याकडे निरोप आला त्यांनी उभं राहा. आता ज्यानं तुम्हाला पाठवला, तो इथं असेल तर त्याच्या पाठीमागे जाऊन उभं राहा. मला बघायचंय हे कोणी सुरू केलं."

पाचोऱ्यात असा प्रकार पूर्वी कधी झाला नसावा. दोनशे माणसं मोबाईल हातात धरून एकमेकांना शोधू लागली. "मला तर तू पाठवला!" "मी? मला तुझ्या मेव्हण्यानं पाठवला!" एक नवरा बायकोच्या मागे उभा राहिला आणि बायको त्याच्या मागे, कारण त्यांनी एकमेकांना पाठवला होता. त्यांना सोडवायला अभिमनला वेळा तपासाव्या लागल्या. ज्यांचा पाठवणारा हजर नव्हता ते भिंतीशी गेले. झुलालआबांकडे मोबाईलच नव्हता. त्यांना गावातल्या पिठाच्या गिरणीवर तोंडी कळलं होतं. गिरणीवाला चौथ्या ओळीत सापडला, त्याच्या मागे आबा काठी टेकून शिस्तीत उभे राहिले. वीस मिनिटांत गर्दीच्या रांगा झाल्या, रांगांच्या कमी रांगा झाल्या. एक लांबलचक रांग हिलालनानांशी येऊन थांबली. नाना उठले, इकडेतिकडे पाहिलं, आणि खाली मान घालून प्रेमराजभाऊंच्या मागे जाऊन उभे राहिले.

"तुम्हीसुद्धा?" कोकिळाताई नवऱ्याला म्हणाल्या.

"सकाळी फिरायला जातो त्या ग्रुपवर टाकला होता," प्रेमराजभाऊ म्हणाले. "तुझा कार्यक्रम होता, मदत म्हणून. वाचला नव्हता." आणि ते लताबाईंच्या मागे गेले.

आता सगळ्या अंगणाची शेपूट लताबाईंच्या मागे होती. कोकिळाताईंना मनातून बरं वाटलं. भजनी मंडळाचा ग्रुप! वाटलंच होतं. त्या ओट्यावरून खाली उतरल्या.

"लताबाई, 'वापर'चं 'वाटप' तुम्ही केलंत?"

"मी कशाला करू?" लताबाईंनी मोबाईल पुढे केला. "तुम्ही पाठवलं तसं टाकलं. मी तर वाचतही नाही. ग्रंथपालबाईंनी पाठवलं म्हटल्यावर त्यात तपासायचं काय?"

कोकिळाताईंनी चष्मा नीट केला. मंगळवार, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं. त्यांचंच नाव, त्यांचाच फोटो. आणि खाली : 'मोफत मोबाईल वाटप वर्ग.' त्यांनी 'वा' लिहिलं होतं, मोबाईलनं 'वाटप' पुढे केलं होतं, आणि कुकर शिट्टी देत होता.

त्या शब्दाकडे त्या पाहत राहिल्या. लताबाईंनी चष्मा आणला नव्हता. मागच्या कोणाला ती स्क्रीन दिसत नव्हती. 'भजनी मंडळाकडून नजरचूक झाली' एवढं म्हटलं असतं तर लताबाईंनी ते खरंही मानलं असतं, त्यांना स्वतःच्या वाचनाची तेवढी खात्री नव्हती. कोकिळाताईंना सव्वीस वर्षांची ती लाल पेनं एका क्षणात आठवली. मग त्यांनी पदर खोचला आणि चार पावलं चालून लताबाईंच्या पुढे, दोनशे माणसांच्या अगदी टोकाला, गर्दीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मीच," त्या म्हणाल्या. "मी 'वापर' लिहायला गेले, 'वाटप' गेलं. पाठवण्याआधी वाचलं नाही. चार दिवस तुम्हाला अशिक्षित म्हणत होते. चूक माझी आहे."

मग कोणीतरी फिसकन हसलं, ते भिंतीवरच्या माणसांना लागलं, आणि मग सगळं अंगण हसलं. कोकिळाताईंचे कान लाल झाले, पण त्या जागेवरून हलल्या नाहीत. हिलालनाना सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. आपण एकटेच मूर्ख ठरलो नाही, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

पुढची रांग बाजूला सारत झुलालआबा काठी टेकत आले. कोकिळाताईंनी मान खाली घातली. बाकीच्यांचं हसून भागलं होतं, पण हा माणूस पायी आला होता.

"बाई खरं बोलनी," आबा गर्दीकडे वळून म्हणाले. मग कोकिळाताईंकडे पाहून, "आते शिकाडनं ते शिकाड. इतला लांब उनू, तसाच जाऊ का?"

निम्मे लोक घरी गेले. काही चिडून गेले, हे खरं आहे, आणि भाजीवाली पुढं महिनाभर जुडी लहान देत होती. पण नव्वद माणसं बसली. कोकिळाताईंनी सात पायऱ्या बाजूला ठेवल्या. स्वतःचाच निरोप फळ्यावर लिहिला आणि विचारलं की यात काय काय पाहायला हवं होतं. लोकांनी सांगितलं. कोणी आणि कधी लिहिलं ते पाहायला हवं होतं, पाठवणाऱ्याला उलट फोन करायला हवा होता, फाटकावरचा फळा येऊन बघायला हवा होता, कापलेली ओळ मागायला हवी होती. एक बाई म्हणाली, "आणि कुकर लावला असेल तेव्हा काही लिहू नये," आणि ते कोकिळाताईंनी मुकाट्यानं फळ्यावर उतरवून घेतलं. वर्ग संपल्यावर प्रेमराजभाऊंनी आपल्या मोबाईलवरून सुरतला फोन लावून दिला. आबांनी नातीचा चेहरा पाहिला. तिचा डोळा आणि नाक तेवढंच दिसत होतं, तरी ते दहा मिनिटं बोलले. तिच्याशी कमी आणि आजूबाजूच्या लोकांशी जास्त, "दखा, मनी नात शे."

पुढच्या रविवारी दुसरा वर्ग होता. कोकिळाताईंनी शनिवारी सूचना फळ्यावर लिहिली, चार वेळा वाचली, प्रेमराजभाऊंकडून वाचवून घेतली आणि मगच घरी गेल्या. सकाळी येऊन पाहतात तर फळ्यासमोर झुलालआबा उभे. या खेपेला गिरणीवाल्याच्या मोटारसायकलवर बसून आले होते. एकेका अक्षराखाली बोट ठेवत त्यांनी पूर्ण सूचना वाचली. शेवटपर्यंत पोचल्यावर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी शोधलं.

"या ना आबा, आत बसा," कोकिळाताई म्हणाल्या.

आबा जागचे हलले नाहीत. "हाई कोनी लिखं?"

"मी लिहिलं."

"मंग सही कोठे शे?"

सव्वीस वर्षांत कोकिळाताईंच्या फळ्याला सही विचारणारा कोणी भेटला नव्हता. मागे अभिमन सतरंजी झटकायची थांबून ऐकत होता. कोकिळाताईंनी पर्समधून खडू काढला, वाकून कोपऱ्यात सही केली आणि खाली तारीख घातली.

आबांनी वाकून तीही वाचली. मग चपला काढल्या, आत गेले आणि पुढच्या सतरंजीवर मधोमध जाऊन बसले.